चार घरांचं नाव

काकूच्या घरात दिव्याला दिवा म्हणत नसत. बत्ती म्हणत. ऊन कलंडलं की काकूची हाक यायची, "सुमे, बत्तीची वेळ झाली व, काच पुसून ठेव." दिवाळीला ती मोठा सण म्हणायची, आणि काकांच्या जिनातल्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातल्या, दिवाणजींना लंबे मुनीम. या सगळ्याचं कारण एकच, काकांचं नाव दिवाकर होतं. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं असं तेव्हा घरोघरी मानत, पण बाकीच्या बाया निदान दिवा तरी म्हणायच्या. आमची काकू त्या नावाच्या आळीतूनसुद्धा जायची नाही. आता तुम्ही म्हणाल, लग्नकार्यात उखाण्यात घेत असेल की. घ्यायची. पण ते चारचौघींसमोर, यमकात गुंडाळून, मागे 'राव' लावून, आणि तेही घाईघाईत उरकून टाकायची. नुसतं, उघडं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मी ऐकलं. एकदाच. त्याचीच ही हकिकत आहे आणि ती लिहायला मी म्हातारी होईपर्यंत थांबले, कारण मला एक कबुली द्यायची भीती वाटत होती. कशाची, ते पुढं येईलच.

आमच्या खेड्यात मुलींना चौथीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी मला चिखलीला त्यांच्या धाकट्या भावाकडं ठेवलं होतं. काका कापसाच्या जिनात कारकून होते आणि घर जिनाच्या भिंतीला लागूनच. घरात माणसं तीनच, काका, काकू आणि मी. त्यांना मूल नव्हतं. हंगाम सुरू झाला की पहाटे भोंगा व्हायचा आणि मग दिवसभर कापसाच्या बंड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, गाडीवानांची भांडणं आणि त्या सगळ्याखाली यंत्राची घरघर. ती घरघर इतकी अंगवळणी पडली होती की जिन बंद झाला की आम्हीच दचकून एकमेकींकडं बघायचो. कापसाचा तुसा तर सगळीकडं. वाळत घातलेल्या लुगड्यावर, माठातल्या पाण्यावर, अंबाडीच्या भाजीत. काका जेवताना भाकरीवरून तुसा उचलून ताटाबाहेर ठेवत आणि म्हणत, "मालक पगार देत नाही, पण कापूस खाऊ घालते." काकू पदर तोंडाला लावून हसायची. तिला त्यांचं बोलणं फार आवडायचं. तिच्या हातच्या भुरक्याची चव माझ्या जिभेवर अजून आहे. तेल कडकडीत तापवायचं, लसूण टाकायचा, तिखट टाकून लगेच उतरवायचं, एवढंच तर ते. पुढं माझ्या सुनांनी किती वेळा करून पाहिला, पण तिखट करपतंच.

काकू लग्न होऊन आली तेव्हा दुसरी यत्ता शिकलेली होती. अमडापूर तिचं माहेर, तिथं मुलींनी तेवढं शिकलं तरी पुष्कळ झालं असं होतं. पुढचं वाचन काकांनी शिकवलं, आणि तेही धड्यांनी नव्हे, शब्दकोड्यांनी. काकांना कोड्यांचा भारी नाद. जिनाच्या कचेरीत येणारी मासिकं जुनी झाली की ते घरी आणत. जेवणं झाली की कंदील मध्ये ठेवून तिघं बसायचो. तेव्हाची कोडी सरळ असत. 'पाणी', दोन अक्षरी, की जल. 'डोंगर', तीन अक्षरी, की पर्वत. काका विचारत, काकू उत्तर देई आणि मी रकान्यात अक्षरं भरी. त्या चौकोनांना आम्ही घरं म्हणायचो. आता विचार करते तेव्हा समजतं की नवराबायकोंनी पोरीसमोर इतका वेळ एकमेकांकडं तोंड करून बसायची ती एकच सबब होती. दिवसा ती दोघं एकमेकांशी 'आयकलं का' आणि 'हाव' याच्या पलीकडं बोलत नसत. कोड्याच्या वेळी मात्र काकू त्यांच्याशी वाद घालायची, कधी त्यांच्या हातून पेन्सील ओढून घ्यायची. मला तेव्हा वाटायचं, हा आमचा तिघांचा खेळ आहे. कसला तिघांचा. मी आपली मध्ये बसलेली होते.

एका हंगामात काकांनी एक साप्ताहिक आणलं. त्यात नव्याच तऱ्हेचं कोडं होतं, आमच्यापैकी कुणी तसलं कधी पाहिलं नव्हतं. आकृती नेहमीसारखीच काळ्यापांढऱ्या घरांची, पण खालची वाक्यं वाचून काही उमज पडेना. पहिलंच वाक्य होतं, "'का?' विचारू नको, डोळे पूस, शेत पांढरं झालं आहे." तीन अक्षरी. मी म्हटलं, "कुणीतरी मेलं वाटते." काका हसले, पण त्यांनाही येईना. दोन दिवस ते वाक्य घरात नुसतं फिरत होतं. तिसऱ्या दिवशी काकू अंगणात भांडी घासत होती आणि राखेचा हात तसाच घेऊन आत आली. "अवो, आयकलं का," ती म्हणाली, "त्यात का आहे, अन् पूस आहे. जोडा ना. कापूस." काका उठून उभेच राहिले. म्हणाले, "अरे, आपण काऊन म्हणतो, 'का' कुठं म्हणतो. म्हणून डोक्यात आलं नाही." आपली हार त्यांनी बोलीवर ढकलली, पण चेहरा असा फुलला होता की जणू बायकोनं परीक्षा पास केली. मग किल्ली सापडली. अर्थाच्या मागं जायचं नाही, शब्द फोडायचा. "नव्यानं अर्धी रात्र आली, घरात धनी बसला," हे काकांनी सोडवलं आणि उत्तर न सांगता काकूकडं पाहून मिशीत हसत राहिले. नव आणि रात्रीतला रा. काकूनं कंदिलाची वात उगाचच खालीवर केली. पुढं पुढं तर ती स्वतःच तसली वाक्यं रचायला लागली. "चा घेतला, संगं वडी खाल्ली, अन् पाटील येऊन बसला." मला नाही आलं. "चावडी व, येडे," ती म्हणाली. एवढ्या हुशार बाया मी माझ्या शिकलेल्या आयुष्यात फार थोड्या पाहिल्या, आणि मी शाळेत नोकरी केलेली आहे.

कोडं बरंचसं सुटलं आणि एक आडवा शब्द, त्यातून खाली उतरणाऱ्या उभ्या शब्दांसकट, राहिला. "दिव्यावर सरकारी पट्टी बसली, तरी हा रोज फुकट उजेड देतो." चार अक्षरी. काकांनी वाचलं आणि एकदम पेन्सील खाली ठेवली. काकूनं नजर फिरवली आणि ती पाणी प्यायला उठून गेली. मला काही कळलं नाही. पट्टी म्हणजे कर, हे मला शाळेतल्या इतिहासामुळं माहीत होतं, पण डोकं चाललं नाही. दुसऱ्या दिवशी काकांना शेगावला जायचं होतं. जिनाच्या यंत्राचा पट्टा रेल्वेनं येणार होता, तो उतरवून आणायचा. निघताना पायात जोडे घालता घालता ते मला म्हणाले, "सुमे, त्या राह्यलेल्या शब्दाचं उत्तर तुह्या काकूले पाठ आहे. तिच्या तोंडून निघते का पाहा. मी आलो की सांग मले." आणि काकूकडं बघून हसले. काकू म्हणाली, "सांभाळून जा. तिकडचं पाणी पिऊ नका." झालं, मला तेव्हा उजाडलं. दिवा आणि कर.

त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. काकांनी काम सांगितलं होतं ना, मग ते फत्ते करायचंच. सबंध दिवस मी काकूच्या मागं. "सांग ना व काकू." "मले नाही येत." "येते तुले. काका म्हणत होते." "काकाचं काय, ते काहीबी म्हणतात." शेजारच्या रहमतबी, जिनातल्या फायरमनची बायको, भाजी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मला दटावलं, "छोड दे गे लडकी. हमारे में बी मियाँ का नाम नहीं लेते." तरी मी सोडलं नाही. संध्याकाळी काकू भाकरी थापत होती. चुलीसमोर बसलेली, दोन्ही हात पिठात. मी साप्ताहिक तिच्यासमोर धरलं आणि साळसूदपणे म्हटलं, "बरं, आडवं राहू दे. उभे शब्द तरी पुरे करू." त्या चारही घरांतून उभे शब्द खाली उतरत होते. मी आधीच त्यांची खालची अक्षरं भरून ठेवली होती आणि वरची घरं तेवढी मोकळी सोडली होती. "खाली 'शा' आहे, पूर्व-पश्चिम. वर काय?" "दि," काकू म्हणाली. "अन् इथं 'रा' आहे, झाडं हालवते." "वा." "इथं 'णीस', ज्वारीचं." "क." "अन् 'हाट', विहिरीवरचा." "र." मी भराभर लिहीत गेले. मग बोट आडव्या ओळीवर ठेवलं आणि म्हटलं, "आता हे एका दमात वाच."

काकूनं कागदाकडं पाहिलं. क्षणभर हातातली भाकर तशीच फिरत राहिली. मग तिनं वाचलं. हळू नाही, चाचरत नाही, चांगलं स्पष्ट. दिवाकर. मी टाळ्या पिटून ओरडले, "घेतलं! काकूनं नाव घेतलं!" तिनं झटकन हात तोंडावर नेला आणि ओठांवर, गालावर पीठ लागलं. तव्यावरची भाकर जळायला लागली तरी ती उलटेना. मी हसतच होते. मग तिचा चेहरा पाहिला आणि माझं हसू आपोआप थांबलं. ती म्हणाली, "पूस ते." मी रबर आणलं आणि ती चार घरं खसाखसा पुसायला लागले. इतकी जोरात की कागद फाटला.

पट्टा यायला उशीर झाला आणि दहाबारा दिवसांनी काका शेगावहून आले ते ताप घेऊनच. बैलांच्या दमणीतून त्यांना दोघांनी धरून उतरवलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि मुदतीचा ताप आहे म्हणून सांगितलं. त्या तापाला तेव्हा औषध नव्हतं. मुदत भरेपर्यंत वाट पाहायची, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायच्या आणि पातळ साबुदाण्याचं पाणी पाजायचं, एवढंच माणसाच्या हातात. काकू त्यांच्या उशाशी बसून असायची. माझ्याकडं ती बघत नसे, निदान मला तसं वाटायचं, आणि मी तिच्यासमोर जायला भिऊन चुलीजवळच घोटाळायची. काका तापात बरळत, जिनातल्या वजनांचे आकडे बोलत. रहमतबी रोज येऊन दारात बसत आणि तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत. मला खात्री होती की काका मरणार आणि ते माझ्यामुळं. हे मी आज हसण्यावारी नेऊ शकत नाही. नंतर मी पुष्कळ शिकले, तसला ताप दूषित पाण्यातून येतो हे मुलींना वर्गात शिकवलं, फळ्यावर चित्रं काढून शिकवलं. पण त्या स्वयंपाकघरात उभी असलेली मुलगी माझं एक ऐकत नाही. तिला वाटतं ते वाटतंच.

ताप उतरला. एके दिवशी सकाळी काकांनी डोळे उघडून भुरका मागितला आणि काकू पहिल्यांदा रडली. भुरका अर्थातच दिला नाही. त्या आनंदात मी ते साप्ताहिक घेऊन तिच्याकडं गेले, म्हटलं आता आपण पुन्हा बसू. तिनं ते हातात घेतलं नाही. म्हणाली, "मी सोडलं ते, सुमे. अमडापूरच्या देवीले बोलली होती. लोकं वांगं सोडतात, आंबा सोडतात. मले काय तेवढं आवडत नाही. मी अक्षर सोडलं." मला आधी कळेचना. "म्हणजे कोडं?" "कोडं, पुस्तक, सगळंच. डोळ्यापुढं आलं तरी वाचाचं नाही. तू त्याइले सांगू नको. माही शप्पथ आहे तुले." नवस उघड केला की फळत नाही, असं तिचं म्हणणं. मी मान हलवली. दुसरं करणार काय होते.

काका उठून बसायला लागले तेव्हा त्यांनी स्वतःच ते साप्ताहिक मागितलं. अंगात हाडं तेवढी उरली होती, आवाज बसलेला. पान उलटून त्यांनी ते भोक पाहिलं आणि म्हणाले, "काय व सुमे, नेमकं माहंच घर फाडलं?" मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी. मग ते खालच्या आवाजात, पोरासारखं म्हणाले, "मग? निघालं का तिच्या तोंडून?" काकू दाराशी उभी होती, हातात पेजेची वाटी. तीच बोलली. "नाही," म्हणाली, "कसं निघन." काकांनी माझ्याकडं पाहिलं, खरं की खोटं असं विचारल्यासारखं. मी म्हटलं, "नाही काका." ते थोडंसं हसले आणि त्यांनी साप्ताहिक बाजूला ठेवलं.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. देवी खरोखर पावली म्हणायची. पण संध्याकाळ झाली की कंदिलाजवळ ते एकटेच मासिक घेऊन बसत. सुरुवातीला वाक्यं मोठ्यानं वाचत, तिनं ऐकावं म्हणून. काकू भिंतीकडं तोंड करून गहू निवडत बसे. "मले नाही समजत त्यातलं," म्हणे. ज्या बाईनं कापूस फोडून दाखवला तिनं असं म्हणावं. मी तिच्याकडं पाहायची तेव्हा तिचे ओठ हलताना दिसायचे. तिला उत्तर आलेलं असायचं. ते ती गिळायची आणि सुपातला खडा उचलून टाकायची. काकांना वाटलं, आजारपणात तिनं आपल्यावर काही राग धरला. एकदा त्यांनी मला विचारलंही, "मी काही बोललो का व तिले तापात?" मी म्हटलं, नाही. शपथ होती ना माझ्यावर. हळूहळू त्यांनी मासिकं आणायचंच सोडलं. जेवण झालं की ते अंगणात खाट टाकून आभाळाकडं बघत पडत. माझी शाळा संपली, मी त्या घरातून बाहेर पडले, माझं लग्न झालं, आणि त्या दोघांच्या मधली ती उजेडाची जागा मी मोडली हे माझ्याबरोबर सासरी आलं. मी स्वतः जन्मात कधी शब्दकोडं सोडवलं नाही. वर्तमानपत्राचं ते पान मी आजही उलटून टाकते. नातवाला वाटतं, आजीला येत नाही.

काका गेले तेव्हा चांगले म्हातारे होऊन गेले. मी तेराव्याला गेले होते. पाहुणे पांगल्यावर काकू आणि मी दोघीच मागच्या ओसरीवर बसलो होतो. जिन केव्हाच बंद पडला होता. मी मनाशी ठरवून गेले होते की आता सांगून टाकायचं. म्हटलं, "काकू, त्या दिवशी मी तुला फसवलं. उभे शब्द विचारून आडवं नाव काढून घेतलं. तुझं वाचन गेलं ते माझ्यामुळं." मी रडत होते. तिनं अशा नवलानं विचारलं की मी रडायचंच विसरले. "तुले वाटते मले कळलं नव्हतं?"

"पहिल्या अक्षरालेच कळलं," काकू म्हणाली. "तू शेंबडी पोर, तू मले काय फसवशीन. मले घ्याचंच होतं व ते नाव. लगीन झाल्यापासून जिभेवर होतं. तू विचारलं, मले सबब भेटली. घेतलं, अन् इतकं गोड लागलं, सुमे, का पुन्हा घ्यावं वाटलं. म्हणून तर भ्याली. चुकून निघालं असतं तर देवानं माफ केलं असतं. मी मनानं घेतलं होतं." मग पदरानं ओसरीवरची धूळ सारत म्हणाली, "आता घेऊन पाह्यते कधीमधी. घरात कोणी नसलं का. आता काय होते त्याइले. पण ओ द्याले कोणी नाही ना."

लोकांना वाटेल, ऐकून माझ्या जिवाला हलकं वाटलं असेल. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी स्वतःला कोसत होते ती माझी नव्हतीच, ती तिची होती, तिच्या सुखाची होती. पण मला त्या ओसरीवर बसल्या बसल्या काका दिसले. खाटेवर टेकून बसलेले, आवाज बसलेला, फाटक्या कागदावर बोट ठेवून मला विचारणारे, निघालं का तिच्या तोंडून. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला तेवढंच ऐकायचं होतं. अक्षर सोडल्याचं सांगायचं नाही अशी शपथ होती मला. नाव घेतलं हे सांगायचं नाही अशी शपथ कुणीच घातली नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणायला हवं होतं.